एकही मूल हरवलं नव्हतं

१

निंबाळवस्तीच्या बंद शाळेचं कुलूप काही केल्या निघेना. गुंडप्पानं चावी फिरवून पाहिली, हातोडीनं ठोकून पाहिलं, शेवटी ट्रॅक्टरमधलं थोडं डिझेल काढून कुलपात सोडलं आणि पायरीवर बिडी ओढत बसला. सोयाबीनचा भाव पडला होता. माल ठेवून द्यायचा तर कोरडी खोली हवी, म्हणून ग्रामपंचायतीनं ही शाळेची खोली त्याला वापरायला दिली होती. जूनमध्ये शाळा बंद झाली तेव्हा त्यानंच दाराला कुलूप घातलं होतं. त्यानंतर तो इकडं फिरकलाच नव्हता. सगळा पावसाळा कुलपावरून गेला, दिवाळी झाली, थंडी पडली.

कुलूप सुटलं. दार ढकलताच वास आला. कुत्रं मेलं असेल असं समजून तो नाकाला उपरणं लावून आत शिरला, आणि लगेच बाहेर येऊन पायरीवरच ओकला.

फळ्याखाली एक मुलगी पडली होती.

तासाभरानं फौजदार दामिनी बिराजदार हवालदार शंकरप्पाला घेऊन तिथं पोचली. दामिनी मूळची उदगीरची, औशाच्या बाजूच्या या ठाण्यात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. मुलीचा चेहरा ओळखू येण्यापलीकडे गेला होता. केसांच्या दोन वेण्या, लाल रिबिनी. अंगावर आकाशी कुर्ता आणि गडद निळी ओढणी. डोक्यावर मागच्या बाजूला मोठी जखम होती. फरशीभर सिमेंटचा चुरा आणि ढपल्या पडल्या होत्या, पण बंद पडलेल्या इमारतीत असायचंच ते. खिडकीखाली दप्तर होतं, त्यात पुस्तकं आणि अर्धी खाल्लेली शेंगदाण्याची चिक्की.

"हा गणवेश सावरमाळच्या शाळेचा हाय, मॅडम," शंकरप्पा म्हणाला. "इथली शाळा मोडून त्या शाळंत मिसळली."

औशाच्या दवाखान्यात शवविच्छेदन झालं. मुलगी बारा-तेरा वर्षांची. मृत्यू जुना, दिवाळी संपल्यानंतर लगेचचा असावा. डोक्यावर जड, कठीण वस्तूचा घाव. बाकी अंगावर काही जबरदस्तीची खूण नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं.

डोक्यात घाव आणि दाराला बाहेरून कुलूप. दामिनीला खुनाशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

तिनं सावरमाळच्या शाळेत फोन लावला. मुख्याध्यापक साहेबराव यांनी सातवीच्या वर्गशिक्षिकेला विचारून खात्रीनं सांगितलं, की दिवाळीनंतर या वर्गातली एकही मुलगी सलग गैरहजर नाही. आजही सगळ्या आल्या होत्या. गणवेश आमचा असेल, पण मुलगी आमची नाही.

दामिनीनं लातूर, नांदेड, धाराशिव, सीमेपलीकडचं बिदर, सगळीकडे विचारणा केली. त्या वयाच्या मुलीची तक्रार कुठंच नव्हती. कुणी ठाण्यात येऊन रडलं नव्हतं, कुणी फोटो घेऊन फिरत नव्हतं.

शवागारात एक मुलगी होती, आणि एकही मूल हरवलं नव्हतं.

२

सोमवारी सकाळी दामिनी साध्या कपड्यांत सावरमाळला गेली.

शाळा मोठी होती. आजूबाजूच्या चार वस्त्यांच्या शाळा मोडून इथं मिसळल्या होत्या. साहेबरावांनी तिला अभिमानानं सगळं दाखवलं. संगणकाची खोली, प्रयोगशाळा, खेळाचं साहित्य. त्यांचा अभिमान खोटा नव्हता. वस्तीवरच्या एकाच खोलीत पहिलीपासून सातवीपर्यंतची पोरं एका मास्तरापुढं बसायची, ते म्हणाले; त्यांनी कधी सूक्ष्मदर्शक पाहिला असता का? दामिनीला ते पटलं. तिनं फक्त सातवीचा वर्ग पाहायचाय असं सांगितलं.

सातवीच्या वर्गात सहावीही बसली होती. सहावीच्या गुरुजींना कसल्या तरी सर्वेक्षणाला लावलं होतं. बाकावर तिघं-तिघं, मागं सतरंजीवर आणखी मुलं. वर्गशिक्षिका शिवगंगा मॅडम तरुण होत्या, आवाज बसलेला होता. त्यांनी दामिनीला मागं खुर्ची दिली आणि हजेरी सुरू केली.

त्या मान खाली घालून भराभर नावं घेत होत्या. एवढी नावं संपवून दोन इयत्तांना शिकवायचं म्हणजे मान वर करायला वेळ नव्हता. प्रत्येक नावाला "हजर मॅडम" येत होतं. मुलींची नावं झाली. एकही नाव रिकामं गेलं नाही.

दामिनी मात्र नावं ऐकत नव्हती, किती 'हजर' आले आणि किती डोकी आहेत ते मोजत होती. सातवीच्या मुलींत एक डोकं कमी होतं.

तिनं पुढं जाऊन मॅडमना हळूच विनंती केली, की सातवीच्या मुलींची हजेरी पुन्हा घ्या, आणि या वेळी जिचं नाव येईल तिनं उभं राहायचं.

मॅडमना नवल वाटलं, पण त्यांनी घेतली. एकेक मुलगी उठत गेली. मग नाव आलं, "समीक्षा ज्ञानोबा सोनकांबळे."

कुणी उठलं नाही. मॅडमनी पुन्हा नाव घेतलं आणि पहिल्यांदाच मान वर केली.

"समीक्षा कुठंय? आत्ता तर होती." त्यांनी दामिनीकडं वळून सांगितलं, की निंबाळवस्तीची मुलगी आहे ती, मागं बसते. अबोल आहे. पण हजेरीला आवाज पहिल्यापासून अगदी खणखणीत.

दामिनीनं विचारलं, की ती दिसायला कशी आहे.

सावळी, मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, गोरी असेल. मग त्यांचा चेहरा उतरला. सातवीचं अर्धं वर्ष संपून गेलं होतं, आणि त्यांना त्या मुलीचा चेहरा आठवत नव्हता.

दामिनी मुलींकडं वळली. "समीक्षाच्या नावाला हजर कोण म्हणालं?"

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. मग सतरंजीच्या कडेला बसलेली एक किडकिडीत मुलगी उभी राहिली.

३

तिचं नाव मनिषा. तीही निंबाळवस्तीची. साहेबरावांच्या खोलीत दामिनीनं तिला पाणी दिलं, शेजारी बसवलं. मनिषा एकच वाक्य बोलली, "ती येणार हाय परत, तिचं नाव काढू नका." समीक्षा गेली कुठं, तू तिच्या नावानं का ओरडतेस, तुला कुणी असं करायला सांगितलं, सगळ्याला ती मान खाली घालून गप्प. शंकरप्पाला वाटलं पोरगी कुणाला तरी घाबरली आहे. दामिनीलाही तसंच वाटलं. कुणीतरी समीक्षाला मारलं आणि तिचं नसणं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मैत्रिणीला हजेरी द्यायला लावलं, असा हिशेब बसत होता.

निंबाळवस्तीत मोजकी घरं, त्यातली बहुतेक कड्याकुलपात. दिवाळीच्या आगंमागं सगळे ऊसतोडीला गेले होते. मागं राहिलेली म्हातारी माणसं उन्हाला बसली होती. समीक्षाची आजी सरजाबाई अंगणात तूर निवडत होती. तिला कमी ऐकू येत होतं. दामिनी तिच्या कानाशी वाकून बोलली.

"समीक्षा? ती आईकडं गेली न्हवं?" सरजाबाई म्हणाली. "दिवाळी सरल्यावर माजा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला, मागं राहिलेली माणसं न्यायला. सकाळी शाळंला जाताना रडली होती पोरगी, मला आईकडं जायचं म्हून. दिवस बुडता ट्रॅक्टर गेला आन् ही बी घरी आली न्हाई. शेजारीन म्हनली, पोरं चढली ट्रालीत. मग गेलीच की."

पोचल्याचं कुणी कळवलं का, असं दामिनीनं विचारलं.

"कळवलं तर. सूनबाईचाच फोन आला शेजारणीच्या मोबाईलवर. म्हनली, पोरगी बरी हाय. म्या म्हनलं, बरी हाय तर बरं झालं."

दामिनीनं पुतण्याचा नंबर मिळवला. तो भलत्याच कारखान्यावर, भलत्याच टोळीत होता. समीक्षा ट्रॉलीत नव्हतीच, त्यानं सांगितलं. तिला न्यायचं कुणी आपल्याला बोललंही नव्हतं.

मग तिनं समीक्षाच्या आईला, पंचफुलाला, फोन लावला. उसाच्या फडातून मागं बायकांचा गलका येत होता. दामिनीनं आधी एवढंच विचारलं, की समीक्षा तुमच्याजवळ आहे का.

"न्हाई वो. ती आजीपशी हाय. सातवी हाय तिची, म्हून ठिवली. म्या फोन बी केला होता. इचारलं, पोरगी बरी हाय? आत्याबाई म्हनल्या, बरी हाय."

तेच तीन शब्द. आईनं ते विचारले होते, आणि कमी ऐकणाऱ्या आजीनं ते खबर म्हणून ऐकले होते. दोघींनी समाधानानं फोन ठेवला होता. आई समजत होती पोरगी आजीकडं आहे, आजी समजत होती आईकडं आहे, शाळा समजत होती वर्गात आहे.

फोनवर तिनं पंचफुलाला फक्त लगेच निघून या म्हणून सांगितलं. मग सरजाबाईसमोर पिशवीतली लाल रिबीन ठेवली. म्हातारीनं ती हातात घेतली, तिची गाठ बोटांनी चाचपली. दुहेरी, आतून वळवलेली गाठ. "ही म्या बांदलेली हाय," ती म्हणाली, आणि रिबीन तशीच धरून बसली.

वस्तीतून निघताना गुंडप्पा रस्त्यात उभा होता. त्यानं शंकरप्पाला बाजूला घेतलं. मॅडमना सांगा, तो म्हणाला, त्या कुलपाला दोन चाव्या होत्या. दुसरी त्या सुगत मास्तरकडं होती. त्यानं ती परत केलीच नाही. शाळा बंद पडल्यावरही तो मास्तर रविवारी इथं यायचा. कशाला यायचा, ते त्याला विचारा.

४

सुगत वाघमारे सरांनी निंबाळवस्तीची शाळा बारा-पंधरा वर्षं एकट्यानं चालवली होती. ती मोडल्यावर त्यांची बदली माहूरकडं झाली. निरोप मिळताच ते निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात आले. पन्नाशीचे, काटक, डोळे रडून सुजलेले. त्यांनी बसायच्या आधीच खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली.

दामिनीनं विचारलं, ही परत का नाही केली.

"देववली नाही," ते म्हणाले. "दुसरं कारण नाही."

रविवारी यायचं कारण त्यांनी सरळ सांगितलं. जूनपासून दिवाळीपर्यंत, जमेल तेव्हा ते यायचे. पोरं शाळेपुढच्या लिंबाखाली जमायची, ते वाचून घ्यायचे, गणितं घ्यायचे. खोलीत कधी शिरले नाहीत. चावी होती, पण खोली आता आपली नाही असं त्यांना वाटायचं. दिवाळीनंतर पोरं ऊसतोडीला पांगली आणि त्यांचंही येणं थांबलं. तेव्हापासून माहूरच्या शाळेतून ते हलले नव्हते, तिथली माणसं साक्षीला होती.

दामिनी त्यांच्याकडं पाहत होती. माणूस खोटं बोलत नव्हता असं तिचं मन सांगत होतं, पण मनाचं तिला कागदावर लिहिता येत नव्हतं. तिनं समीक्षाबद्दल विचारलं. अबोल मुलगी होती ना?

सुगत सरांनी चमकून मान वर केली. "अबोल? कोण म्हणालं? वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न तिचे. फक्त बोलताना अडखळायची. 'ह' आला की तर जागीच अडकायची. मान ताणायची, डोळे मिटायची, शब्द निघायचा नाही. पोरं हसायची. म्हणून मी आमच्या शाळेतलं हजर बंदच करून टाकलं. सगळ्यांनी 'आले सर', 'आलो सर' म्हणायचं. ते तिला सोपं जायचं. तिच्यासाठी आहे हे कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही."

दामिनीनं हातातलं पेन खाली ठेवलं.

शिवगंगा मॅडम म्हणाल्या होत्या, की समीक्षाचा आवाज हजेरीला खणखणीत असतो. दिवाळीनंतर नव्हे, पहिल्यापासून. म्हणजे त्यांनी समीक्षाचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. जूनमध्ये नव्या शाळेत नाव पुकारल्यावर समीक्षा 'ह'वर अडकली असणार, पोरं हसली असणार, आणि शेजारी बसलेली मनिषा तिच्यावतीनं ओरडली असणार. तेव्हापासून रोज. मॅडमच्या कानात समीक्षाचं नाव आणि मनिषाचा आवाज यांची जोडी बसली ती तिथून. त्यामुळं पुढं नावामागचं माणूस गेलं तरी आवाज चालू राहिला आणि काहीच बदललं नाही.

याचा अर्थ मनिषाला कुणी शिकवलं-धमकावलं नव्हतं. हजेरी द्यायची सवय मरणाच्या कितीतरी आधीची होती. गुन्हा झाकायला कुणी ती लावली नव्हती.

मग तो घाव कुणाचा?

तेवढ्यात सुगत सरांनीच विचारलं, "मॅडम, ती खोलीत नेमकी कुठं पडली होती?"

"फळ्याखाली. डाव्या अंगाला."

सर उठून उभे राहिले. "मला तिथं घेऊन चला," ते म्हणाले. "आत्ता."

५

दुपारचं ऊन खोलीत तिरपं आलं होतं. सुगत सर दारातच थांबले. दामिनी मात्र दारावरच्या कुलपाकडं पाहत राहिली. ते अजून कडीला लटकत होतं, त्यातून डिझेलचा काळा ओघळ गेला होता. हे तिला आधीच दिसायला हवं होतं. गुंडप्पाला चावी असून कुलूप उघडायला ठोकाठोक करावी लागली होती. म्हणजे पावसाळ्यापासून ते कुणीच उघडलं नव्हतं. चाव्या दोन असोत की दहा, दिवाळीनंतर या दारातून कुणी आत गेलं नव्हतं आणि बाहेर पडलं नव्हतं.

"ती आत कशी आली मग?" शंकरप्पानं विचारलं.

सुगत सर खिडकीजवळ गेले. कडेचा गज त्यांनी वर उचलला. तो खोबणीतून अलगद सुटला. पोरांनाच हे ठाऊक होतं, त्यांनी सांगितलं. सुट्टीच्या दिवशी आत येऊन पुस्तकं वाचायची, चित्रं काढायची. आपल्याला सगळं दिसत होतं, पण आपण तो गज कधी बसवून घेतला नाही. पोरं शाळेत यायलाच धडपडतात, त्यांना कशाला अडवायचं, असं वाटायचं.

त्या फटीतून मोठं माणूस शिरणं शक्य नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावरच्या धुळीत लहान पावलाचा ठसा होता, आणि बरोबर त्याखाली दप्तर मिळालं होतं. आधी दप्तर टाकलं, मग ती उतरली. एकटी.

मग सर फळ्याकडं वळले. "वाचायला उभं राहायची जागा ही," ते म्हणाले. "प्रत्येक पोर इथंच उभं राहायचं, फळ्याच्या डावीकडं. समीक्षाला इथंच उभं राहून बोलता यायचं. बाकावरून नाही यायचं."

त्यांनी वर पाहिलं नाही. दामिनीनं पाहिलं. त्या जागेच्या वर छताचा सिमेंटचा थर गेला होता, गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. पावसाळ्यात पाणी मुरलं असणार. शाळा चालू असताना दरवर्षी मे महिन्यात छताची डागडुजी करून घ्यायचो, सर म्हणाले. बंद शाळेचं छत कोण बघणार?

आधी दामिनीनं याच चुऱ्यावर पाय देऊन सगळी खोली पाहिली होती, आणि मारणाऱ्याचा दगड शोधला होता. आता तिनं फळ्याखालच्या मोठ्या ढपल्या गोळा करून तपासणीला पाठवल्या. त्यातल्या एकीवर केस आणि रक्त निघालं. मारणारा कुणी नव्हताच.

एक गोष्ट राहिली होती. संध्याकाळच्या आधी दामिनी मनिषाच्या घरी गेली. सुगत सर बरोबर होते. त्यांना पाहताच मनिषा पळत येऊन त्यांच्या पोटाला बिलगली, आणि मग तिला सगळं सांगितलं गेलं. कसं सांगितलं, ते सरांनाच ठाऊक. दामिनी अंगणात उभी होती. बऱ्याच वेळानं मनिषा बोलायला लागली.

पोरांना शाळेत नेणारी जीप दिवाळीपर्यंत आली, मग बंद झाली. दोघी माळावरून चालत सावरमाळला जायच्या, चालत यायच्या. त्या दिवशी वस्तीजवळ आल्यावर समीक्षा जुन्या शाळेकडं वळली. ती बऱ्याचदा वळायची.

"तिथं जाऊन काय करायची?" दामिनीनं विचारलं.

"हजर म्हनायची. भिंतीकडं बघून. तिथं यायचं तिला." मनिषानं नाक पुसलं. "त्या दिवशी मला म्हनली, आता तू नको म्हनू. सोमवारपासनं माझं मी म्हनीन."

सोमवारी सकाळी मनिषा तिला बोलवायला गेली तर आजी म्हणाली, आईकडं गेली ट्रॅक्टरवर. न सांगता गेली याचं मनिषाला फार वाईट वाटलं. पण जास्त दिवस गैरहजर राहिलं की नाव काढतात, वर्ष जातं, हे तिनं ऐकलं होतं. ती सुट्टीत परत येईल तोवर तिचं नाव राहू द्यावं म्हणून ती रोज दोनदा हजर म्हणत राहिली, आणि माळावरून एकटीच जात-येत राहिली.

"मला वाटलं ती उसात हाय," ती म्हणाली. "म्या शाळंकडं बघितलंच न्हाई."

६

पंचफुला आणि ज्ञानोबा दुसऱ्या दिवशी आले. त्यांच्याच जीपमधून ऊसतोडीला गेलेले मनिषाचे आईवडीलही आले. वस्तीनं समीक्षाला लिंबाच्या पलीकडं निरोप दिला. बुद्धवंदना सुगत सरांनी म्हटली. मध्येच त्यांचा आवाज गेला तेव्हा पुढची बायकांनी पुरी केली. शिवगंगा मॅडम आल्या होत्या. त्या लांब, बाभळीपाशी उभ्या राहिल्या. नंतर त्या पंचफुलापुढं आल्या आणि तिच्या पायाशी वाकल्या. पंचफुलानं त्यांना उठवलं. तिला त्या कोण हे माहीत नव्हतं.

साहेबराव आले नाहीत. त्यांनी फोनवर दामिनीला सांगितलं, की वर्गात शिक्षक वाढवून मागितला आहे, रस्त्याला जीपही मागितली आहे. खाली आवाज करून ते म्हणाले, "मॅडम, मी वाईट माणूस नाही हो." दामिनीनं होय म्हटलं. ते खरंच होतं.

अहवालात तिनं अपघाती मृत्यू लिहिलं. धोकादायक छत, बंद इमारत, देखभाल नाही. हजेरीचंही तिनं सविस्तर लिहिलं. वरिष्ठांनी वाचून विचारलं, की याचा मृत्यूशी संबंध काय? मुलगी तर आधीच मेली होती. त्यांचा प्रश्न बरोबर होता, हे दामिनीलाही पटत होतं. तिनं तो मजकूर काढला मात्र नाही.

पण हे पुढचं झालं. त्या दिवशी, सगळं आटोपल्यावर, मनिषाचा बाप तिची कपड्यांची पिशवी जीपमध्ये ठेवत होता. सुगत सर त्याला समजावत होते. पोरगी हुशार आहे, वर्ष वाया घालवू नका. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मास्तर, तो म्हणाला, माळावरून ती एकटी जाणार, कुणी सोबत न्हाई. तुमी असता तर वेगळं होतं. मनिषा मागच्या सीटवर जाऊन बसली होती आणि कुणाकडं बघत नव्हती.

पंचफुला दारात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या रेघा होत्या. तिनं दामिनीला जवळ बोलावलं. दामिनी जमिनीवर तिच्याशेजारी बसली.

"मॅडम, एक सांगा. इतके दिवस तिला कोन हुडकत होतं?"

दामिनीला खोटं सुचत होतं. शाळेनं चौकशी केली होती, गावानं शोधलं होतं, असं काहीही. या बाईला ते खरं वाटलं असतं.

"कुणीच न्हाई," ती म्हणाली.

पंचफुलानं मान हलवली. तिनं आक्रोश केला नाही. आतून सरजाबाईचं एकसुरी रडणं येत होतं, आणि सकाळपासून दोघी सासू-सुना एकमेकींकडं पाहू शकल्या नव्हत्या.

"फडात बायका म्हनायच्या, पोरीला आनायची होती, हाताखाली आली असती," ती हळूहळू म्हणाली. "म्या म्हनायची, न्हाई. माजी पोरगी शाळंत हाय. कोयता मारता मारता रोज म्हनायची. तिची काय फिकीर न्हाई, ती शाळंत हाय."

तिनं ओचा तोंडाशी धरला.

"आन् खरंच वो. तितंच होती ती. शाळंतच होती."